सातबारा उघडेना, तेव्हा

पीकविम्याची मुदत संपत आली की लोहारा तालुक्यातल्या माकणीपासून गडचिरोलीपर्यंत सगळ्यांना एकाच वेळी सातबारा हवा असतो. अशा वेळी सर्व्हर अडला, तर दोष गर्दीचाच असतो असे नाही. गट क्रमांकावर इंडेक्स नसेल, तर एका उताऱ्यासाठी डेटाबेस सगळे दप्तर पहिल्या पानापासून चाळतो. म्हणून आधी संथ क्वेरींची नोंद तपासावी. थेट रॅम वाढवण्याची घाई मला पटत नाही. मग सेटिंग. पोस्टग्रेस हा डेटाबेस मुळात 100 जोडण्या आणि 128 एमबी सामायिक मेमरी धरून चालतो. मोठ्या सर्व्हरला ही मेमरी तोकडी पडते, ती वाढवावी. जोडण्या मात्र भरमसाट वाढवू नयेत; प्रत्येकीला स्वतंत्र प्रोसेस लागते. त्यापेक्षा पूलर बरा, त्यात थोड्याच जोडण्या आळीपाळीने सगळ्यांना पुरतात.