गडचिरोलीचे शोधनिबंध कुठवर पोहोचले?
लेखांक सहावा

शोधनिबंध छापून येण्याआधी त्याची तपासणी कशी होते, ते मागच्या लेखांकात पाहिलं. आज तो छापून आल्यानंतरची गोष्ट.

एखादा संशोधक आधीच्या कुणाच्या निबंधाचा आधार घेतो, तेव्हा संदर्भसूचीत त्याची नोंद करतो. ही नोंद म्हणजे सायटेशन. यूजीन गारफिल्ड यांनी १९६४ मध्ये ‘सायन्स सायटेशन इंडेक्स’ सुरू केला आणि कुणाचा आधार किती जणांनी घेतला हे पद्धतशीर मोजता येऊ लागलं. पुढे २००५ मध्ये जॉर्ज हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने एच-इंडेक्स सुचवला. तुमच्या निबंधांपैकी वीस निबंधांचा प्रत्येकी किमान वीस वेळा आधार घेतला गेला असेल, तर तुमचा एच-इंडेक्स वीस. दोनच निबंध लिहिले आणि दोन्हींना हजार-हजार सायटेशन मिळाली, तरी तो दोनच.

सायटेशन कौतुकाचं आहे की खंडनाचं, हे मोजणीला कळत नाही. लसीमुळे स्वमग्नता होते असा संशय पसरवणारा अँड्र्यू वेकफिल्ड यांचा निबंध ‘लॅन्सेट’मध्ये १९९८ साली आला. त्याचा पाया अवघ्या बारा मुलांचा होता. ‘लॅन्सेट’ने तो २०१०मध्ये मागे घेतला. तो खोडून काढणाऱ्यांनीही त्याचा उल्लेख केलाच, आणि सायटेशनच्या हिशेबात ते सगळे उल्लेख जमेलाच धरले गेले.

आता गडचिरोलीकडे वळू. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी तिथे ‘सर्च’ ही संस्था उभी केली. वसा आणि अमिर्झा या दोन गावांतल्या साडेसहाशे स्त्रियांची त्यांनी तपासणी केली. त्यातल्या ९२ टक्के स्त्रियांना कुठला ना कुठला स्त्रीरोग होता आणि त्याआधी अशी तपासणी झालेल्या होत्या जेमतेम ८ टक्के. हा निबंध १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये आला. दवाखान्यात आलेल्या रुग्णांची मोजणी करून हे कधीच दिसलं नसतं, कारण त्या दवाखान्यापर्यंत पोहोचतच नव्हत्या. ग्रामीण बाईच्या आरोग्याचा विचार बाळंतपण आणि कुटुंबनियोजन एवढ्यावरच थांबवणाऱ्या धोरणांसमोर या निबंधाने आकडे ठेवले. मला हे काम फार मोठं वाटतं.

दहा वर्षांनी, १९९९ मध्ये, ‘लॅन्सेट’मध्येच त्यांचा नवजात बालकांवरचा निबंध आला. ३९ गावांत, गावातल्याच थोडंफार शिकलेल्या बायकांना ‘आरोग्यदूत’ म्हणून तयार केलं गेलं. बाळाचं वजन करणं, त्याला उबदार ठेवणं, श्वास कोंडलेल्या बाळाला सावरणं, जंतुसंसर्ग ओळखणं आणि गरज पडल्यास प्रतिजैविकाचं इंजेक्शन देणं, हे सगळं त्या बाळाच्या घरी जाऊन करत. तिसऱ्या वर्षापर्यंत, तुलनेसाठी घेतलेल्या गावांच्या मानाने, नवजात मृत्युदर सुमारे ६२ टक्क्यांनी घटला. इंजेक्शन आणि खेड्यातली बाई, हे समीकरण तेव्हाच्या वैद्यकविश्वाला सहज पचणारं नव्हतं. म्हणूनच प्रतिष्ठित जर्नलमध्ये छापून येण्याला इथे खरा अर्थ होता. पुराव्याशिवाय हे कुणी ऐकूनही घेतलं नसतं.

या निबंधाला जगभरातून सायटेशन मिळाली. पण त्याचा पुढचा प्रवास संदर्भसूच्यांच्या बाहेरून गेला. भारत सरकारने २०११ मध्ये घरोघरी नवजात बालसेवा देण्याचं काम आशा कार्यकर्त्यांवर सोपवलं. आशाताई ठरलेल्या दिवशी बाळंतिणीच्या घरी जाते, बाळाचं वजन करते, तक्त्यात नोंदवते. या भेटी कुठल्याही एच-इंडेक्समध्ये येत नाहीत.

मराठीतल्या कामाचं तर आणखीच वेगळं. महाराष्ट्रातले कितीतरी बालमृत्यू सरकारी नोंदीत येतच नाहीत, हे दाखवणारा ‘कोवळी पानगळ’ हा अहवाल बंग आणि त्यांच्या सहकारी संस्थांनी काढला. त्यावरून राज्यात खळबळ माजली आणि सरकारला समिती नेमावी लागली. या अहवालाचा परिणाम महाराष्ट्राने पाहिला, पण सायटेशन मोजणाऱ्या जागतिक सूच्यांचा भर इंग्रजी जर्नलांवर असतो.

निवड समित्या आणि अनुदान देणाऱ्या संस्था मात्र उमेदवाराचा एच-इंडेक्स पटकन पाहतात. अर्ज शेकडो आणि वेळ थोडा, ही त्यांची अडचण खरी आहे. पण आकड्यांवर विसंबण्याच्या या सवयीवर उपाय म्हणून सॅन फ्रान्सिस्कोत २०१२ मध्ये ‘डोरा’ जाहीरनाम्याची आखणी झाली. जर्नलच्या नावावरून किंवा त्याच्या इम्पॅक्ट फॅक्टरवरून, म्हणजे त्यातल्या निबंधांना सरासरी किती सायटेशन मिळतात त्यावरून, माणसाची पारख करू नका, काम वाचा, असं तो सांगतो. हजारो संस्थांनी त्यावर सह्या केल्या आहेत. सही केल्यानंतर त्यांच्या निवडीत प्रत्यक्ष काय बदललं, ते पुढच्या लेखांकात पाहू.