भस्मासुराला वर कुणी दिला?

मराठीत युद्धाचा इतिहास लिहिणारे बहुतेक एकतर निवृत्त सेनाधिकारी, नाहीतर पत्रकार. वि. ग. कानिटकर (१९२६-२०१६) हे मुळात कथा-कादंबरीचे माणूस. 'मनातले चांदणे' हा त्यांचा कथासंग्रह, 'होरपळ' ही कादंबरी. पण मराठी घरांत ते पोचले 'नाझी भस्मासुराचा उदयास्त' या जाडजूड ग्रंथामुळे. आमच्या जेऊरसारख्या रेल्वे स्टेशनाच्या गावातही, ज्यांनी जर्मनी नकाशावरसुद्धा नीट पाहिली नव्हती, अशा माणसांना या पुस्तकामुळे गोबेल्स आणि गोअरिंग तोंडपाठ झाले.

मला विचाराल तर या ग्रंथातला कादंबरीकार पहिल्यांदा भेटतो तो शीर्षकात. हिटलरला राक्षस कुणीही म्हणेल. कानिटकरांनी नेमका भस्मासुर निवडला. कीर्तनात ही गोष्ट आपण सगळ्यांनीच ऐकली आहे. भस्मासुराची ताकद त्याची स्वतःची नव्हती. ती वरदानातून आली होती. म्हणजे त्याचं नाव घेतलं की पुढचा प्रश्न आपोआप येतो: वर कुणी दिला?

आकडे पाहा. नोव्हेंबर १९२३ मध्ये एका डॉलरला ४ लाख २० हजार कोटी मार्क मोजावे लागत होते. मध्यमवर्गाची आयुष्यभराची पुंजी कागद झाली. तरीही १९२८ च्या निवडणुकीत नाझींना तीन टक्केही मतं नव्हती. मग जागतिक मंदी आली, बेकार साठ लाखांच्या घरात गेले, आणि जुलै १९३२ मध्ये त्यांची मतं ३७ टक्क्यांवर पोचली. नोव्हेंबरात ती ३३ वर घसरली. लाट ओसरत होती! नेमक्या त्या वेळी पापेनसारख्या खानदानी पुढाऱ्यांना वाटलं, या माणसाला खुर्चीत बसवू आणि दोरी आपल्या हातात ठेवू. ३० जानेवारी १९३३ ला वृद्ध राष्ट्राध्यक्ष हिंडेनबुर्ग यांनी त्याला चॅन्सेलर नेमलं. २३ मार्चला संसदेनं आपलेच अधिकार त्याच्या हवाली केले. पुढचं सर्वांना ठाऊक आहे. ३० एप्रिल १९४५ ला हिटलरनं बर्लिनच्या बंकरात स्वतःच्या डोक्यात गोळी घालून घेतली, आणि प्रेत पेट्रोल ओतून जाळण्यात आलं. कीर्तनातला शेवट असा शब्दशः उतरलेला इतिहासात क्वचितच सापडेल.

पुढे कानिटकरांनी व्हिएतनामवर लिहिलं, इस्रायलवर लिहिलं. लिंकनच्या चरित्राला त्यांनी नाव दिलं 'फाळणी टाळणारा महापुरुष'. अमेरिकन वाचक लिंकनला गुलामांचा मुक्तिदाता म्हणून ओळखतो. १९४७ पाहिलेल्या पिढीतल्या मराठी लेखकाला त्याच्यात फाळणी टाळणारा दिसला. ती टाळण्यासाठी चार वर्षांत सहा लाखांहून अधिक सैनिक मेले, हेही विसरून चालणार नाही.

त्याच अमेरिकन यादवीवर शेल्बी फूट या कादंबरीकारानं वीस वर्षं खपून तीन खंड लिहिले. शेवटचा १९७४ मध्ये आला. फूट मिसिसिपीचे, म्हणजे हरलेल्या दक्षिणेचे. दक्षिणेच्या सेनापतींबद्दल त्यांना जरा जास्तच जिव्हाळा, असा आक्षेप त्यांच्यावर घेतला गेला. मला तो रास्त वाटतो. पण युद्धाचा इतिहास लिहिणारा कुठल्या तरी अंगणात उभा राहूनच लिहितो, आणि कादंबरीकाराला ते अंगण लपवता येत नाही.

वाचकालाही येत नाही. कानिटकरांचं 'फाळणी : युगान्तापूर्वीचा काळोख' मी वाचलं ते जेऊरचा मुसलमान म्हणून. सव्वा ते दीड कोटी माणसांनी घरं सोडली, त्या काळात आमच्या घरातलं कुणी गेलं नाही. आजोबांना कराची कुठल्या दिशेला हेही माहीत नसावं. तेव्हा त्या पुस्तकातल्या काही मतांशी माझं जमलं नाही. समासात पेन्सिलीनं प्रश्नचिन्हं केली. सगळ्यात मोठं प्रश्नचिन्ह जिथं आहे, तिथं मी कानिटकरांचाच प्रश्न लिहून ठेवला आहे: इथं वर कुणी दिला?