वटहुकूम : सभागृहाविना जन्मणारा कायदा

पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतील प्राध्यापक डॉ. डी. सी. वाधवा बिहारमधील कायद्यांचा अभ्यास करीत होते. त्या राज्याची राजपत्रे चाळताना त्यांच्या एक विलक्षण गोष्ट ध्यानात आली. तेथील कित्येक कायदे विधानसभेने कधी संमत केलेलेच नव्हते. राज्यपालांच्या सहीने निघालेले वटहुकूम मुदत संपण्याच्या सुमारास जसेच्या तसे पुन्हा काढले जात होते. १९६७ ते १९८१ या काळात असे २५६ वटहुकूम निघाले आणि त्यातील काही एक वर्षापासून जवळजवळ चौदा वर्षांपर्यंत जिवंत ठेवण्यात आले. उसाच्या पुरवठ्याविषयीचा १९६८ चा वटहुकूम तर चौदा वर्षे पूर्ण व्हायला काही दिवसच कमी असेपर्यंत चालला. त्या अवधीत निवडणुका झाल्या, सरकारे आली आणि गेली. परंतु या विषयावर सभागृहात मतदान काही झाले नाही.

वटहुकूम किंवा अध्यादेश हा शब्द आपल्याकडे फार सैलपणे वापरला जातो. आंदोलनाच्या मंडपात मंत्रिमहोदय जो कागद आणून देतात त्यालाही ‘अध्यादेश’ म्हणण्याची प्रथा पडली आहे. वास्तविक तो बहुधा शासन निर्णय असतो, नाही तर अधिसूचना. तो प्रशासनाचा आदेश असतो आणि कायद्याच्या चौकटीबाहेर जाऊ शकत नाही. वटहुकूम मात्र स्वतःच कायदा असतो. राज्यघटनेच्या अनुच्छेद १२३ नुसार राष्ट्रपती आणि अनुच्छेद २१३ नुसार राज्यपाल तो काढतात. अर्थात हे मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानेच होते. त्यासाठी दोन अटी आहेत. एक म्हणजे दोन्ही सभागृहांचे अधिवेशन एकाच वेळी चालू नसावे आणि दुसरी म्हणजे तातडीने पाऊल उचलावे अशी परिस्थिती असावी. अधिवेशन सुरू होताच वटहुकूम सभागृहापुढे ठेवावा लागतो आणि सभागृह पुन्हा भरल्यापासून सहा आठवड्यांत त्याचे विधेयकात रूपांतर होऊन ते संमत झाले नाही तर तो आपोआप संपतो. दोन अधिवेशनांत सहा महिन्यांहून अधिक अंतर असू शकत नाही. म्हणजे वटहुकुमाचे आयुष्य फार तर साडेसात महिन्यांचे.

ज्या ब्रिटनकडून आपण संसदीय पद्धती घेतली, तेथे राजाने संसदेला डावलून कायदे स्थगित करण्यास १६८९ च्या हक्कांच्या सनदेनेच बंदी घातली होती. हिंदुस्थानात मात्र त्याच ब्रिटिशांनी गव्हर्नर जनरलच्या हाती वटहुकुमाचे हत्यार ठेवले आणि ते १९३५ च्या कायद्यातून आपल्या घटनेत उतरले. अधिवेशन नसताना अचानक संकट उद्भवले आणि प्रचलित कायदा अपुरा पडला तर सरकारने काय करावे, असा डॉ. आंबेडकरांचा घटना समितीतील युक्तिवाद होता. तो गैर म्हणता येणार नाही. तथापि त्याच चर्चेत बी. पोकर साहेब यांनी एक दुरुस्ती सुचविली होती. सक्षम न्यायालयात खटला चालून दोषी ठरल्याखेरीज कोणाही नागरिकाचे व्यक्तिस्वातंत्र्य वटहुकुमाने हिरावून घेता येऊ नये, असा तिचा आशय होता. ती फेटाळली गेली.

पोकर साहेबांची भीती किती वास्तव होती, हे १९८० मध्ये दिसले. त्या वर्षी सप्टेंबरात राष्ट्रीय सुरक्षा वटहुकूम निघाला आणि त्याखाली धनबादचे खासदार ए. के. रॉय यांना स्थानबद्ध करण्यात आले. ज्या संसदेचे ते सदस्य होते, तिने संमत न केलेल्या कायद्याने त्यांचे स्वातंत्र्य गेले! प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. अनुच्छेद २१ नुसार ‘कायद्याने प्रस्थापित केलेल्या पद्धतीनुसार’च कोणाचे स्वातंत्र्य काढून घेता येते. मग वटहुकूम हा त्या अर्थाने कायदा आहे काय? आहे, असा निर्वाळा न्यायालयाने डिसेंबर १९८१ मध्ये दिला. नागरिकाच्या दृष्टीने त्यातल्या त्यात दिलासा एवढाच, की अनुच्छेद १३ वटहुकुमालाही लागू आहे. मूलभूत हक्कांशी विसंगत असलेला वटहुकूम न्यायालय रद्द करू शकते. महाराष्ट्रात ‘मोक्का’ म्हणून परिचित असलेला संघटित गुन्हेगारीविरोधी कायदाही फेब्रुवारी १९९९ मध्ये प्रथम वटहुकूम म्हणूनच अवतरला, हे आज फारसे कोणाला आठवत नाही.

वटहुकूम नेहमी हक्क काढूनच घेतो असे मात्र नाही. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची हत्या झाली. त्यांनी ज्यासाठी आयुष्य वेचले ते जादूटोणाविरोधी विधेयक विधिमंडळात वर्षानुवर्षे रखडले होते. हत्येनंतर काही दिवसांतच राज्य सरकारने त्याचा वटहुकूम काढला. त्याचे आपल्यापैकी अनेकांनी स्वागत केले आणि ते स्वाभाविकही होते. परंतु तेवढ्यावर काम भागले नाही. डिसेंबरच्या नागपूर अधिवेशनात दोन्ही सभागृहांनी विधेयक संमत केले म्हणून तो कायदा आज टिकून आहे. याच्या नेमके उलट पुढच्याच वर्षी घडले. जुलै २०१४ मध्ये मराठा आणि मुस्लिम आरक्षणाचे दोन वटहुकूम निघाले. नोव्हेंबरात मुंबई उच्च न्यायालयाने मराठा आरक्षणाला अंतरिम स्थगिती दिली. मुस्लिमांचे पाच टक्के आरक्षण मात्र शिक्षणापुरते चालू ठेवण्यास मुभा दिली. दरम्यान सरकार बदलले होते. नव्या सरकारने मराठा आरक्षणाचे विधेयक संमत करून घेतले, मुस्लिम आरक्षणाचा वटहुकूम डिसेंबरात आपोआप संपला. न्यायालयाने जे पाडले नव्हते ते सभागृहाच्या नुसत्या मौनाने गेले.

तातडी आहे की नाही हे ठरवायचे कोणी, हा खरा प्रश्न आहे. जुलै १९६९ मध्ये संसदेचे अधिवेशन अवघ्या दोन दिवसांवर असताना चौदा बँकांच्या राष्ट्रीयीकरणाचा वटहुकूम निघाला. आणीबाणीत १९७५ च्या ३८ व्या घटनादुरुस्तीने तर राष्ट्रपतींचे ‘समाधान’ अंतिम ठरवून न्यायालयांचे दरवाजेच बंद केले. ते ४४ व्या दुरुस्तीने पुन्हा उघडले. लोकसभेचे पहिले सभापती दादासाहेब मावळंकर यांनी वटहुकुमांच्या या सवयीबद्दल १९५० आणि १९५४ मध्ये सरकारला पत्रे लिहून नापसंती कळविली होती. पहिल्या सभापतींनी स्वपक्षाच्याच सरकारला असे खडसवावे, याचे आज अप्रूप वाटते.

वाधवा यांनी आपले संशोधन १९८३ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध केले आणि ते सर्वोच्च न्यायालयात गेले. बिहार सरकारचा एक आक्षेप असा होता, की या प्राध्यापकांचे यात व्यक्तिशः काय बिघडले? कायद्यानुसार शासन चालावे असा आग्रह धरण्याचा प्रत्येक नागरिकाला हक्क आहे, असे उत्तर देत सरन्यायाधीश पी. एन. भगवती यांच्या घटनापीठाने २० डिसेंबर १९८६ रोजी ही प्रथा घटनेशी केलेली प्रतारणा ठरविली. वाधवा यांना दहा हजार रुपये खर्चापोटी देण्याचा आदेशही राज्य सरकारला झाला. मात्र अधिवेशन छोटे आणि कामकाज फार असेल तर पुन्हा वटहुकूम काढणे क्षम्य ठरू शकेल, अशी एक फट निकालात राहिली. फट असली की सरकारे तिचा दरवाजा करतात. भूसंपादन कायद्यातील बदलांचा वटहुकूम डिसेंबर २०१४ नंतर एप्रिल आणि मे २०१५ मध्ये पुन्हा निघाला. त्यासाठी राज्यसभेची सत्रसमाप्ती करण्यात आली, कारण तेथे सरकारकडे बहुमत नव्हते. अखेर ऑगस्टमध्ये तो सोडून द्यावा लागला.

बिहारमधीलच आणखी एका प्रकरणात जानेवारी २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांच्या पीठाने बहुमताने अधिक कठोर भूमिका घेतली. तेथील सरकारने १९८९ मध्ये वटहुकुमाने शेकडो खासगी संस्कृत शाळा ताब्यात घेतल्या होत्या. १९९२ पर्यंत एकामागून एक वटहुकूम निघत राहिले, सभागृहापुढे ते नीट ठेवलेही गेले नाहीत आणि शेवटी ती मालिका खंडित झाली. आपण सरकारी नोकर झालो अशा समजुतीने शिक्षक पगार आणि सेवाशर्ती मागत न्यायालयात गेले होते. वटहुकूम सभागृहापुढे ठेवणे ही केवळ औपचारिकता नसून घटनेचे बंधन आहे, असे न्यायालयाने म्हटले आणि संपलेल्या वटहुकुमातून कायमचे हक्क उत्पन्न होत नाहीत हेही स्पष्ट केले. शिक्षकांना मिळालेला पगार परत घेऊ नये, एवढे मात्र न्यायालयाने सांगितले. सरकारी नोकरीचा दर्जा त्यांना मिळाला नाही. तोवर पहिला वटहुकूम निघून सत्तावीस वर्षे उलटली होती.