सहा व्होल्टची नाजूक तब्येत

इंदूरहून तासाभराच्या आत महूची छावणी येते. सैन्याच्या गाड्या या भागाच्या ओळखीच्या. जबलपूरला बनलेले शक्तिमान ट्रक आणि जोंगा तर कित्येकांनी पाहिलेत. पण विजेच्या बाबतीत खरा हट्टीपणा त्यांच्याही आधीच्या, दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीप आणि डॉज ट्रकांचा.

या गाड्या सहा व्होल्टच्या. तीस वॅटचा दिवा १२ व्होल्टवर अडीच अँपिअर घेतो, सहावर पाच. आता एखाद्या गंजलेल्या जोडात ०.२ ओहम रोध आहे असं धरा. १२ व्होल्टच्या गाडीत अर्धा व्होल्ट वाया जातो. इथे पूर्ण एक. उरलेल्या पाच व्होल्टवर दिव्याचा उजेड जवळपास निम्मा होतो!

म्हणून दिवे मंद झाले की लगेच बॅटरी बदलायला धावू नये. मल्टिमीटरची एक पिन बॅटरीच्या ऋण खांबावर, दुसरी इंजिनाच्या उघड्या धातूवर ठेवून स्टार्टर फिरवावा. काटा अर्ध्या व्होल्टच्या वर सरकला, तर दोष अर्थिंगमध्ये.

बॉनेट, इंजिन आणि चासी यांना जोडणाऱ्या विणलेल्या तांब्याच्या पट्ट्याही तपासाव्यात. वायरलेसवर खरखर येऊ नये म्हणून त्या बसवलेल्या असत. हौशी मालक गाडीला झकास हिरवा रंग मारतात आणि पट्टी त्या रंगावरच घट्ट आवळतात. रंग वीज अडवतो. बोल्टखालचा रंग पॉलिश पेपरने घासून धातू चमकेपर्यंत काढावा, मगच पट्टी बसवावी.