मळीची टाकी उचलताना

साखर कारखान्यातील मळीची पोलादी टाकी दिसते अवजड, पण तिचे स्वतःचे वजन फार नसते. 10 मीटर व्यासाची, तितकीच उंच आणि 8 मिलिमीटर पत्र्याची टाकी रिकामी असताना साधारण 30 टन भरते. मळी मात्र पाण्याच्या सुमारे 1.4 पट जड. काठोकाठ भरलेली तीच टाकी पायावर 1,100 टनांहून अधिक भार टाकते.

करमाळा तालुक्यात जेऊरच्या आसपास उजनीच्या पाण्यावर ऊस वाढला. इथल्या काळ्या जमिनी पिकाला उत्तम, पायाला त्रासदायक: पावसात फुगतात, उन्हात भेगाळतात. टाकीच्या मध्याखालची माती झाकलेली राहते, कडेची मात्र भिजते आणि वाळते. टाकी सगळीकडून सारखी खचली तर पाइपांच्या जोडण्यांपलीकडे फारसे बिघडत नाही. कडेचा एखादाच भाग खचला, की भिंतीचा गोल बिघडतो आणि तळाच्या सांध्यावर ताण येतो.

दुरुस्तीसाठी टाकी रिकामी करून धुतात. मळी आंबून तयार झालेला कार्बन डायऑक्साइड तळाशी साचतो. त्याला वास नसतो. हवा तपासल्याखेरीज कुणालाही आत उतरवू नये, इथे घाई जीव घेते. मग पाइप सोडवतात आणि भिंतीला ठरावीक अंतरावर जाड पट्टीसह पोलादी कान वेल्ड करतात. प्रत्येक कानाखाली हायड्रॉलिक जॅक बसतो. आठ जॅक धरले तर प्रत्येकाच्या वाट्याला चार टनही येत नाहीत, तरी क्षमता कितीतरी जास्त घेतात. एक जॅक मागे राहिला की त्याचा भार शेजाऱ्यांवर जातो.

खरे कौशल्य सगळे जॅक एकसारखे चढवण्यात आहे. थोडे उचलायचे, पाण्याच्या नळीने किंवा लेव्हल यंत्राने पातळी पाहायची, खाली लाकडी स्लीपर सरकवायचे आणि मगच पुढे जायचे. पातळ तळपत्रा मध्ये झोळासारखा लोंबतो. छताचे खांब त्यावर उभे असतील तर ते आधी भिंतीला बांधून घ्यावे लागतात. तळाला आडवे आधार मिळेपर्यंत खाली माणूस जात नाही.

नंतर काळी माती खणून काढतात, मुरमाचे थर पाणी मारून दाबतात आणि वर डांबर मिसळलेल्या वाळूचा थर देतात. काँक्रीटचे कडे असेल तर त्याची पातळी कोणत्याही 9 मीटरांत 3 मिलिमीटरांहून जास्त ढळू नये, असा अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटचा निकष आहे. टाकी उतरवतानाही तोच संथपणा लागतो.

शेवटी पाणी भरून कडेच्या पातळ्या पुन्हा मोजतात. पाणी मळीपेक्षा हलके असल्याने या चाचणीत पायाला पूर्ण भार कळत नाही. म्हणून पहिली मळीही टप्प्याटप्प्याने, पातळ्या मोजतच भरावी लागते.