तान्ह्या बाळावरील लाल डाग : गाठ की विकृती?

बंगळुरू : तान्ह्या बाळाच्या अंगावरील लाल किंवा निळसर डागाला सरसकट जन्मखूण म्हटले जाते. आईने गरोदरपणी ग्रहण न पाळल्यामुळे तो उमटतो, ही समजूत निराधार आहे. असे अनेक डाग रक्तवाहिन्यांच्या दोन भिन्न विकारांपैकी एकाचे असतात : हिमँजिओमा ही गाठ आणि रक्तवाहिन्यांची जन्मजात विकृती. अमेरिकेतील मुलिकेन आणि ग्लोवाकी यांनी १९८२ मध्ये हा भेद स्पष्ट केला.

हिमँजिओमा ही कर्करोग नसलेली गाठ आहे. जन्मतः ती बहुधा दिसत नाही. पहिल्या काही आठवड्यांत ती उमटते, तीन ते पाच महिन्यांपर्यंत झपाट्याने वाढते आणि वर्षभरानंतर हळूहळू ओसरते. मुलींमध्ये व अपुऱ्या दिवसांच्या बाळांमध्ये तिचे प्रमाण अधिक आढळते.

विकृती मात्र जन्मापासूनच असते, मुलाबरोबर वाढते आणि आपोआप नाहीशी होत नाही. ती केशवाहिन्या, शिरा, धमन्या किंवा लसीकावाहिन्यांत असू शकते. त्वचेप्रमाणेच स्नायू आणि मेंदूतही ती आढळते.

बहुतेक हिमँजिओमांना उपचार लागत नाहीत. मात्र गाठ डोळ्याजवळ, नाकावर, ओठावर किंवा श्वासमार्गात असल्यास अथवा तिच्यावर जखम झाल्यास वाट पाहणे धोक्याचे ठरते. हृदयविकारावरील प्रोप्रानोलॉल या औषधाने ही गाठ आक्रसते, असे फ्रान्समधील बोर्डो येथील डॉक्टरांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केले. आज उपचार आवश्यक असल्यास प्रथम याच औषधाचा विचार होतो. त्यामुळे बाळाची रक्तशर्करा व हृदयगती मंदावू शकते. म्हणून ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यावे लागते.

विकृतींवरील उपचार निराळे आहेत. केशवाहिन्यांच्या डागांवर लेझर वापरतात. शिरांच्या विकृतीत औषध टोचून त्या बंद केल्या जातात. धमनी-शिरा विकृतीत नलिकेद्वारे रक्तप्रवाह रोखतात किंवा शस्त्रक्रिया करतात.

त्यामुळे रुग्णाने कोठे जावे, हे निदानावर अवलंबून असते. बंगळुरूत बालरुग्णांसाठी इंदिरा गांधी बाल आरोग्य संस्था हे सरकारी रुग्णालय आहे. भगवान महावीर जैन रुग्णालयातील जैन इन्स्टिट्यूट ऑफ व्हॅस्क्युलर सायन्सेस ही रक्तवाहिन्यांच्या विकारांची विशेष संस्था आहे, तर मेंदूतील विकृतींवर निम्हान्समध्ये उपचार होतात. निदान अनेकदा तपासणी व पूर्वेतिहासावरून होते. शंका असल्यास डॉपलर सोनोग्राफी किंवा एमआरआय केले जाते.

पालकांनी डागाची छायाचित्रे तारखेसह ठेवल्यास त्याच्या वाढीचा वेग कळतो. त्वचेवर पाच किंवा अधिक हिमँजिओमा असल्यास यकृताची सोनोग्राफी करण्याचा सल्ला दिला जातो. धोक्याच्या जागी किंवा झपाट्याने वाढणारा डाग असलेले बाळ एक महिन्याचे होण्यापूर्वीच तज्ज्ञांना दाखवणे हितावह ठरते.