स्केटिंग करताना डोके आपटले? मुलीला पुन्हा रिंकवर कधी पाठवायचे

मुलगी वळणावर पडली. हेल्मेट जमिनीवर आपटले. दोन मिनिटे डोके धरून बसली, पाणी प्यायली आणि म्हणाली, "काही नाही झालं, आई." निवड चाचणी चार दिवसांवर आली आहे. प्रशिक्षक विचारतात, "उद्या येणार ना?"

तुम्ही नंदनवनमध्ये राहत असाल आणि तुमची मुलगी रोलर स्पीड स्केटिंगला जात असेल, तर हा प्रसंग तुमच्यावरही येऊ शकतो. अशा वेळी काय उत्तर द्यायचे, हे आधीच ठरलेले असले की निर्णय घेणे सोपे जाते.

बर्फावरची शर्यत आणि आपली रिंक

ऑलिंपिकमधील महिलांची शॉर्ट ट्रॅक स्पीड स्केटिंगची शर्यत टीव्हीवर पाहिली असेल, तर त्यात किती जणी पडतात हे तुमच्या लक्षात आले असेल. ट्रॅक फक्त १११.१२ मीटरचा असतो. अनेक खेळाडू एकमेकींना जवळजवळ चिकटून वळण घेतात. एकीचा तोल गेला की दुसरीही जाते. म्हणून तिथे कडेला जाड गाद्या लावतात आणि खेळाडूंना हेल्मेट, मानेचे संरक्षक पट्टे व सहज न कापला जाणारा पोशाख सक्तीचा असतो.

आपल्या मुली चाकांवर धावतात, पण वाकलेला पवित्रा, डावीकडची वळणे आणि घोळका तोच असतो. पुण्याची श्रुती कोतवाल रोलर स्केटिंगकडूनच बर्फाकडे वळली आणि २०१७ च्या साप्पोरो आशियाई हिवाळी स्पर्धेत भारताकडून उतरली. २०२३ च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत भारतीय महिलांनी रोलर स्केटिंगच्या ३००० मीटर रिलेत कांस्यपदक जिंकले. त्यामुळे मुलींनी हे स्वप्न पाहण्यात काहीच गैर नाही.

फरक पडण्यात आहे. बर्फावर पडलेली खेळाडू घसरत जाते आणि गादीवर आदळते. सिमेंटच्या रिंकवर शरीर फारसे घसरत नाही, वेग एकदम थांबतो. गाद्याही बहुतेक ठिकाणी नसतात. म्हणून आपल्याकडे मनगट, कोपर आणि डोके यांना मार लागण्याची भीती अधिक.

पायाचा मार दिसतो, मेंदूचा दिसत नाही

२०१८ च्या प्याँगचांग ऑलिंपिकमध्ये ब्रिटनची एलिस क्रिस्टी १५०० मीटरच्या उपांत्य फेरीत जोरात पडली. तिला स्ट्रेचरवरून रुग्णालयात न्यावे लागले. घोट्याला मार होता, हाड मोडलेले नव्हते. तीनच दिवसांनी ती १००० मीटरच्या शर्यतीला उभी राहिली. सुरुवातीलाच पडली, पुन्हा उठून धावली, पण शेवटी नियमभंगामुळे बाद ठरली.

घोट्याच्या बाबतीत दुखणे, सूज आणि तपासणी पाहून असा निर्णय निदान घेता येतो. मेंदूला हादरा बसला असेल तर तसे नसते. ज्या अवयवाने "मी ठीक आहे का?" हे ठरवायचे, तोच अवयव दुखावलेला असतो. म्हणून "मला बरं वाटतंय" एवढ्यावर मुलीला परत पाठवता येत नाही.

या दुखापतीला डॉक्टर 'कन्कशन' म्हणतात. जोराच्या झटक्याने मेंदू कवटीच्या आत हलतो आणि काही काळ त्याचे काम बिघडते. त्यासाठी जखम किंवा टेंगूळ असावेच लागते असे नाही. बेशुद्धीही बहुतेकांना येत नाही. सीटी स्कॅन रक्तस्राव किंवा कवटीचे हाड मोडले आहे का हे पाहण्यासाठी असतो. तो नॉर्मल आला तरी हादरा बसलेला असू शकतो.

कोणती लक्षणे पाहायची?

- डोकेदुखी, डोके जड वाटणे, चक्कर, मळमळ
- उजेड किंवा आवाज सहन न होणे, अंधूक दिसणे
- पडण्याच्या आधीचे-नंतरचे न आठवणे, तेच तेच विचारणे, उत्तर द्यायला वेळ लागणे
- चिडचिड, रडू येणे, खूप झोप किंवा झोपच न लागणे

ही लक्षणे कधी काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशीही दिसतात. नागपूरच्या उन्हाळ्यात एक चूक हमखास होते: डोके दुखते म्हटले की "ऊन लागलं असेल" असे म्हणून सोडून दिले जाते. पडल्यानंतरची डोकेदुखी तपासणी होईपर्यंत मारामुळेच आहे असे धरा.

पडल्यावर लगेच काय करावे?

शंका आली तरी त्या दिवशीचा सराव तिथेच थांबवा. पुन्हा स्केट्स घालू देऊ नका. पहिला हादरा भरून येण्याआधी दुसरा मार बसला तर त्रास खूप लांबतो. क्वचित मेंदूला सूज येऊन जीवही धोक्यात येतो.

मुलगी बेशुद्ध असेल किंवा मान दुखते म्हणत असेल, तर तिला उठवून बसवू नका. श्वास नीट चालू असेल तर हेल्मेट ओढून काढू नका. तोंडात पाणी घालू नका. कांदा किंवा चप्पल हुंगवू नका. उलटी होत असेल तर डोके, मान आणि धड एका रेषेत ठेवून, दोघा-तिघांनी मिळून तिला कुशीवर वळवा आणि १०८ ला फोन करा.

या गोष्टी दिसल्या तर वाट पाहू नका

- पुन्हा पुन्हा उलट्या
- वाढत जाणारी डोकेदुखी
- फिट येणे किंवा बेशुद्ध पडणे
- हाक मारूनही नीट जाग न येणे, गोंधळणे, विचित्र वागणे
- हातापायात कमजोरी किंवा मुंग्या, बोबडे बोलणे, दोन-दोन दिसणे
- डोळ्यांच्या बाहुल्या लहान-मोठ्या दिसणे
- नाका-कानातून रक्त किंवा पाण्यासारखा स्राव

नंदनवनहून मेडिकल फार लांब नाही. यातले एकही लक्षण असेल तर रात्र आहे म्हणून सकाळपर्यंत थांबू नका, सरळ अपघात विभागात न्या. धोक्याचे लक्षण नसेल तरी एक-दोन दिवसांत डॉक्टरांकडून तपासून घ्या.

घरी पहिले दोन दिवस

पहिले २४ ते ४८ तास विश्रांती द्या, पण अंधाऱ्या खोलीत पडून राहण्याची गरज नाही. घरातल्या घरात वावरणे, सावकाश चालणे चालते. मोबाईल आणि टीव्ही या काळात शक्य तितका कमी करा.

रात्रभर जागे ठेवायचे का, असे बरेच पालक विचारतात. डॉक्टरांनी तपासले असेल आणि धोक्याचे लक्षण नसेल तर झोपू द्या. झोप मेंदूला लागतेच. मात्र पहिली रात्र घरातले कोणीतरी मोठे माणूस तिच्याजवळ असावे.

दुखण्यासाठी वजनानुसार पॅरासिटामॉल चालते. आयबुप्रोफेन, अ‍ॅस्पिरिन किंवा झोपेची गोळी स्वतःहून देऊ नका.

आधी शाळा, मग स्केट्स

दोन दिवसांनंतर थोडा वेळ अभ्यास, मग अर्धी शाळा, मग पूर्ण शाळा, असे वाढवत न्या. गरज पडल्यास परीक्षेसाठी जादा वेळ मिळावा म्हणून डॉक्टरांची चिठ्ठी घ्या. खेळाकडे परतताना पुढचे टप्पे पाळा. प्रत्येक टप्प्याला किमान २४ तास द्या.

१. रोजची हलकी कामे, चालणे
२. भरभर चालणे किंवा एका जागेवरची सायकल
३. स्केट्स न घालता जमिनीवरचा सराव
४. स्केट्स घालून, पण रिंकवर एकटीने
५. घोळक्यात सराव, स्टार्ट आणि ओव्हरटेक
६. शर्यत

पहिल्या तीन टप्प्यांत डोके किंचित दुखून तासाभरात थांबले तर चालते. त्याहून जास्त त्रास झाला तर त्या दिवशी थांबा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा प्रयत्न करा. चौथ्या टप्प्याआधी मात्र सर्व लक्षणे गेलेली हवीत, पूर्ण शाळा जमत असायला हवी आणि डॉक्टरांची परवानगी हवी. त्यानंतर त्रास झाला तर पुन्हा तिसऱ्या टप्प्यावर या.

आता हिशेब करा. सगळे सुरळीत झाले तरी किमान आठवडा लागतो. मुलांमध्ये बरे व्हायला चार आठवड्यांपर्यंत वेळ लागणे नेहमीचे आहे. चार दिवसांवरची निवड चाचणी यात कुठेच बसत नाही. महिनाभरातही त्रास गेला नाही तर पुन्हा डॉक्टरांना भेटा.

मुलींसाठी दोन खास गोष्टी

फुटबॉल, बास्केटबॉल अशा मुले-मुली दोघेही खेळतात त्या खेळांत कन्कशनचे प्रमाण मुलींमध्ये जास्त आढळले आहे. मानेच्या स्नायूंची कमी ताकद हे त्याचे एक कारण असू शकते. प्रशिक्षकांशी बोलून मानेचे व्यायाम सरावात घ्या.

दुसरी गोष्ट केसांची. उंच पोनीटेल किंवा अंबाडा असला की हेल्मेट वर उचलले जाते आणि सैल बसते. केस मानेपाशी खाली बांधा. हेल्मेट भुवयांच्या वर साधारण दोन बोटांवर, आडवे बसले पाहिजे. हनुवटीखालच्या पट्ट्यात एखादेच बोट जावे. डोके हलवले तर हेल्मेट सरकू नये. जोरात आपटलेले हेल्मेट वरून चांगले दिसले तरी बदला, कारण आतला थर दबलेला असतो. आणि हेही लक्षात ठेवा की हेल्मेट कवटी वाचवते, पण मेंदूला बसणारा हादरा पूर्णपणे टाळू शकत नाही.

प्रशिक्षकांना काय सांगाल?

"सर, तिच्या डोक्याला मार लागला आहे. डॉक्टरांनी लेखी परवानगी दिली की येईल." एवढे वाक्य पुरे. हे मुलीवर सोपवू नका. संघातली जागा जाईल या भीतीने ती दुखणे लपवेल. "निवड हुकली तर आम्ही रागावणार नाही" हे तिला आजच, पडण्याआधी सांगून ठेवा. तेव्हा ती खरे सांगेल, आणि तिच्या खऱ्या उत्तरावरच पुढचे सगळे उपचार अवलंबून असतात.

ही माहिती सर्वसाधारण मार्गदर्शनासाठी आहे. तुमच्या मुलीची तपासणी करणाऱ्या डॉक्टरांचा सल्ला अंतिम माना.